आकड्याला सोबत हवी

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कंपनीच्या आरोग्य तपासणीची तारीख जाहीर झाली की आदल्या दोन-तीन दिवसांत कॅन्टीनचं चित्र पालटतं. चहा बिनसाखरेचा होतो, ताटातला गुलाबजाम तसाच राहतो, रात्रीचं जेवण साडेसातलाच उरकतं. तपासणीच्या सकाळी बोटावर कापूस दाबून धरलेली माणसं एकमेकांना विचारतात, "किती आली?" कुणी "अठ्ठ्याण्णव" म्हणतो आणि पास झाल्याच्या आनंदात जागेवर जातो. कुणाची एकशे अडतीस निघते. तो कागदाची घडी करून खिशात घालतो आणि घरी काही बोलत नाही.

मला टाइप 2 मधुमेह असल्याचं कळून नऊ वर्षं झाली. त्याआधीची दोन वर्षं अशा घड्या घातलेले कागद माझ्याही खिशात होते. या नऊ वर्षांत एक गोष्ट मनोमन पटली: रक्तातल्या साखरेचा एकटा आकडा जवळजवळ मुका असतो. तो किती वाजता घेतला, त्याआधी काय खाल्लं, झोप किती झाली, कोणती गोळी चालू आहे, एवढं शेजारी लिहिलं की तो बोलायला लागतो.

अंगातली चमचाभर साखर

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटीची शुगर 100 आली, याचा अर्थ एक डेसिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम ग्लुकोज. हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त शुगर दुसऱ्या तपासणीतही आली की मधुमेहाचं निदान होतं. 100 आणि 126 यांच्यातलं अंतर चमच्याच्या एक चतुर्थांशाएवढं आहे.

आता दुपारचं ताट आठवा. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, बटाट्याची भाजी. यातून सत्तर-ऐंशी ग्रॅम कर्बोदकं सहज पोटात जातात आणि पचून त्यांचं ग्लुकोज होतं. एक चमचा साखर बाळगणाऱ्या रक्तातून पंधरा चमचे साखर पुढे न्यायची असते. हे काम इन्सुलिन करतं. स्वादुपिंडातून ते वेळेवर सुटलं आणि स्नायूंनी त्याला दाद दिली, तर दोन तासांत सगळं ताळ्यावर येतं. इन्सुलिन कमी पडलं किंवा स्नायूंनी दाद दिली नाही, तर साखर रक्तातच रेंगाळते.

म्हणजे शुगर वर-खाली होणं हा शरीराचा रोजचा धर्म आहे. ती किती वर जाते आणि किती वेळात खाली येते, हे समजून घ्यायला एका सकाळची एक तपासणी पुरत नाही.

बारीक दिसणाऱ्यांची शुगर

"तुला कशी शुगर? तू तर किती बारीक आहेस!" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास भरलं, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक, तरीही चरबी राखून असलेली ही शरीरं. भारतीयांच्या मधुमेहाची एक मुळी आईच्या पोटापर्यंत जाते, हे या कामाने जगापुढे आलं.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाच्या गुणोत्तरात, म्हणजे बीएमआयमध्ये, दोघेही सारखेच, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते या छायाचित्राने दाखवलं.

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या हिंजवडीतल्या तरुणांसाठी यातला धडा सरळ आहे. आरशावर विसंबू नका. कमरेचा घेर पुरुषांमध्ये 90 आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटरच्या पुढे असेल, घरात कुणाला मधुमेह असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर तिशीतच तपासा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, 26.4 टक्के आढळलं.

मुंगीपासून पट्टीपर्यंत

साखर मोजण्याची सुरुवात लघवीपासून झाली. लघवीला मुंग्या लागतात, हे लक्षण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचं निळं द्रावण आलं. त्यात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी होत गेला तर साखर वाढती. 1956 साली हेलन आणि अल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून लघवीत बुडवायची पट्टी बाजारात आली आणि नळी तापवायची गरज संपली. पण लघवी उशिरा बोलते. रक्तातली शुगर साधारण 180च्या पुढे गेल्याशिवाय ती मूत्रपिंडातून सहसा सांडत नाही. शुगर खाली गेली, तर लघवीला त्याचा पत्ताच नसतो.

घरी रक्त तपासण्याच्या वाटेवर रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकी इंजिनियरचं नाव घ्यावंच लागतं. बाराव्या वर्षापासून त्यांना टाइप 1 मधुमेह होता. 1969 साली दवाखान्यांसाठी निघालेल्या, सुमारे दीड किलो वजनाच्या एका यंत्राची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. ते यंत्र रुग्णांना विकत नसत. बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर साडेसहाशे डॉलरला ते घेतलं. दिवसातून पाच-पाच, सात-सात वेळा शुगर बघत त्यांनी आपलं जेवण आणि इन्सुलिन यांचा मेळ घातला. डॉक्टरांनी आपलं म्हणणं ऐकावं म्हणून पुढे पंचेचाळिशीत ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. आज आपल्या हातात मावणारा ग्लुकोमीटर हा रुग्णाने मागून घेतलेला हक्क आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आताच्या पट्टीवर ग्लुकोजशीच क्रिया करणारं विकर म्हणजे एन्झाइम वाळवून लावलेलं असतं. ग्लुकोज ऑक्सिडेज हे त्यातलं एक, काळ्या बुरशीपासून मिळणारं. रक्ताचा थेंब पट्टीत ओढला गेला की ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जितकं जास्त, तितका प्रवाह जास्त. पाच सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो.

तीन मापं, तीन प्रश्न

बोटातून घेतलेली शुगर 'आत्ता किती?' एवढंच सांगते. तीही थोडी इकडे-तिकडे असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 100च्या वरच्या आकड्यांत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. मीटरवर 180 दिसले तर प्रयोगशाळेत 160 किंवा 195ही येऊ शकतात. त्यामुळे काल 142 आणि आज 149 आली म्हणून घाबरण्यासारखं काही नसतं.

दुसरं माप एचबीएवनसी, म्हणजे आपण म्हणतो ती 'तीन महिन्यांची सरासरी'. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज किती चिकटलं, हे यात मोजतात. 7 टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण 154. आपल्याकडे इथे एक खाचखळगा आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील, तर ते कमी दिसतं. बोटाचे आकडे आणि ही सरासरी जुळत नसेल, तर हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेवा.

तिसरं माप दंडावर चिकटवायचा सेन्सर. कातडीखालच्या द्रवातलं ग्लुकोज तो दर काही मिनिटांनी मोजतो आणि साधारण दोन आठवडे चालतो. रक्तातला बदल तिथे पोचायला काही मिनिटं जातात, म्हणून शुगर झपाट्याने बदलत असताना सेन्सर मागे राहतो. रात्री त्याच कुशीवर झोपलात, तर दाबामुळे शुगर उगाच कमी दाखवतो. पण दिवसाची सगळी रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली की बरंच उमगतं. चोवीस तासांतले सतरा तास शुगर 70 ते 180च्या मध्ये राहिली, तर बहुतेकांसाठी ते चांगलं मानतात.

आमच्या भागात नवी उपकरणं लवकर पोचतात, म्हणून एक सांगते. सुई न टोचता शुगर सांगण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या यांपासून सावध राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024मध्ये त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी इन्सुलिन घेतलं, तर ते जिवावर बेतेल.

जोडीने तपासा

रोज सकाळी उठून फास्टिंग बघायची, आकडा वहीत लिहायचा आणि बाकी दिवस होता तसाच घालवायचा, हे मी वर्षभर केलं. त्याचा उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या 450 जणांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातही रोज एकदा शुगर बघणाऱ्यांच्या आणि न बघणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरीत वर्षअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. बोट टोचून आजार हलत नाही. त्या आकड्याने ताट, पावलं किंवा औषध बदललं तर हलतो.

म्हणून आता मी जोडीने तपासते. जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि त्यानंतर दोन तासांनी एकदा. दोन आकड्यांमधलं अंतर हे त्या जेवणाचं उत्तर. माझ्या वहीतलं एक पान असं आहे. मंगळवार, कांदेपोहे एक मोठी प्लेट, वर चहा: आधी 118, नंतर 211. गुरुवार, तेच पोहे निम्मे, सोबत दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर काकडी, नंतर आयटी पार्कच्या फेज 2च्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चालणं: आधी 121, नंतर 158. गोळी तीच, ऑफिस तेच. ते पान पाहून मला पोहे सोडावे लागले नाहीत, याचं समाधान फार मोठं होतं.

मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ हा आमच्या घरचा अभिमान आहे. त्याचीही अशीच परीक्षा घेतली. आधी भाजी, उसळ, ताक आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तर तोच भात शुगर कमी चढवतो, हे माझ्या मीटरने मला दाखवलं. भाजी-डाळ आधी खाल्ल्याचा हा फायदा संशोधनातही दिसून आला आहे. तुमच्या शरीराचं उत्तर वेगळं असेल. ते कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही, वहीतच सापडेल.

एका पट्टीला साधारण 20 रुपये पडतात. रोज चारदा तपासणं बहुतेकांना परवडत नाही, आणि फक्त गोळ्या घेणाऱ्यांना त्याची गरजही नसते. या आठवड्यात नाश्त्याच्या दोन जोड्या, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाच्या दोन, असं फिरतं ठेवलं तरी महिन्याभरात दिवसाचा नकाशा तयार होतो. इन्सुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया आणि टाइप 1ची मुलं यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

रात्रपाळीची सकाळ कुठली?

अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांचा दिवस उलटा असतो. रात्री दीडला जेवण, पहाटे कंपनीची कॅब, सकाळी सातला झोप. शरीराचं आतलं घड्याळ मात्र सूर्याचं ऐकतं. तेच जेवण रात्री घेतलं तर शुगर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. पहाटे यकृत आपणहून ग्लुकोज सोडतं आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं त्याला हात देतात. काहींची उपाशीपोटीची शुगर रात्री काहीच न खाता वाढलेली असते, ती यामुळे.

रात्रपाळी करणाऱ्याने घड्याळातली सकाळ सोडून मुख्य झोपेनंतर आणि आठ तासांच्या उपासानंतरची शुगर 'फास्टिंग' म्हणून लिहावी आणि शेजारी 'रात्रपाळी' अशी नोंद करावी. गोळीची वेळही डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. हे इंजिनियरांइतकंच गेटवर बारा तास उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला आणि पहाटेच्या कॅबचालकाला लागू आहे. त्यांच्यासाठी कंपनीचं शिबिर नसतं. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. ही माहिती त्यांना आपण सांगू शकतो.

दुसरा आजार सोबतीला असेल तर

माझी आत्या जवळच्या माण गावात राहते. तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सांधे फार सुजले की रोज सकाळी नाश्त्यानंतर स्टेरॉइडची गोळी असते. तिची उपाशीपोटीची शुगर कायम 105च्या आसपास, म्हणून सगळे निश्चिंत होते. पण तिला दुपारनंतर तहान लागायची, रात्री चार-चारदा उठावं लागायचं. एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तिचं बोट टोचलं. 268. आत्या म्हणाली, "अगं, सकाळी तर चांगली होती ना?"

सकाळची शुगर खरोखरच चांगली होती. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपार-संध्याकाळची शुगर चढवतं आणि रात्रीतून त्याचा जोर ओसरतो. सकाळी बघणाऱ्याला ते दिसतच नाही. तिच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या संध्याकाळच्या नोंदी मागितल्या आणि औषध बदललं. स्टेरॉइड मनाने कमी-जास्त करायचं नाही, तपासणीची वेळ बदलायची, एवढंच मी यातून शिकले. 2021च्या कोरोना लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचं, काळ्या बुरशीचं, भयानक रूप पाहिलं. त्यातल्या बहुतेक रुग्णांमध्ये बेताल शुगर आणि स्टेरॉइड ही दोन कारणं एकत्र आलेली होती.

मूत्रपिंड थकलं असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. जुन्या डोसवरच शुगर अचानक खाली येऊ लागते. मधुमेह असलेल्याला क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची शुगर बघतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-12 घटू शकतं, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. पायांना मुंग्या येतात त्या शुगरमुळे की बी-12मुळे, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

शुगर खाली जाते तेव्हा

वाढलेली शुगर वर्षांच्या हिशेबाने इजा करते, घसरलेली मिनिटांत. भूमकर चौकात तासभर अडकलेल्या बसमध्ये जेवणाची वेळ टळते, पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आपलं काम थांबवत नाही. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, शब्द अडखळतात, विनाकारण राग येतो. शुगर 70च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाण्यात तीन चमचे, लगेच घ्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं. चॉकलेट किंवा बर्फी नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरची साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. दुचाकीला किल्ली लावण्याआधी शुगर बघणं हे हेल्मेटइतकंच जरुरीचं आहे.

थेंब घेताना

हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि आकडा फसवा, चढा येतो. बोटाच्या मधोमध टोचण्यापेक्षा कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. रोज बोट बदला. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, बोट पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. आमच्याकडच्या पावसाळी, दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खराब होते. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला ती टोचता कामा नये.

माझ्या वहीत आता चार रकाने आहेत: वेळ, आकडा, आधी काय झालं आणि मग मी काय केलं. चौथा रकाना सर्वांत उशिरा सुरू झाला आणि फरक त्याने पडला. डॉक्टरांपुढे वही ठेवताना एखादा 240 झाकावासा वाटत नाही, कारण त्याच्या शेजारी 'पुतणीचं लग्न, पुरणपोळी, झोप चार तास' असं लिहिलेलं असतं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ठाऊक आहे की ग्लुकोजची पुडी माझ्या खणात डावीकडे आहे. यंदा तपासणीच्या दिवशी आमच्या टीममधल्या एका मुलाने कागदाची घडी घालता घालता हात थांबवला आणि हळूच विचारलं, "ताई, एकशे एकतीस म्हणजे काय?"

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. काल रात्री कधी झोपलास, तिथून सांग."